हुमलीच्या घरची अंडी

बुधवार हाटाचा दिवस. त्या दिवशी सकाळी हुमली डोकरीच्या अंगणात जेवढी माणसं जमत, तेवढी केगू बडव्याच्या अंगणात भूत उतरवून घ्यायलाही जमत नसत, आणि ही गोष्ट बडव्याला फार खुपायची. "माझ्याकडे माणूस मरायला टेकल्यावर येतो, आणि त्या बाईकडे धडधाकट कोंबडा घेऊन!" असं तो म्हणे. पण स्वतःला देवाला कोंबडा द्यायचा असला की तोही पक्षी काखोटीला मारून हुमलीची टेकडी चढायचाच. चढताना इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर "असाच आलो, मोहाचं झाड बघायला" म्हणायचा.

हुमली खाटेवर बसलेली असायची, पायातली चांदीची कडी लोकांना दिसावीत असे पाय सोडून. समोरच्यानं पक्षी पुढे केला की ती डाव्या हातात त्याची मान धरायची, उजव्या अंगठ्यानं चोच उघडायची आणि आत बोट घालून जीभ बाहेर काढायची. बस्स, एवढंच काम. बाबादेवाला नवसाचा कोंबडा लागतो तो कालामासी. बाहेरचे लोक त्यालाच कडकनाथ म्हणतात. आणि तो अस्सल लागतो. नुसती पिसं काळी असून भागत नाही; पिसं काय, कावळ्याचीही काळी असतात. कालामासीचा तुरा काळा, नखं काळी, मांस काळं, हाडसुद्धा काळं. पोट न फाडता हे सगळं सांगणारी एकच जागा, ती म्हणजे जीभ. जीभ कोळशासारखी तर आतलं सगळं तसंच. जीभ राखाडी निघाली तर कुणीतरी आजी किंवा पणजी कुठल्यातरी पांढऱ्याबरोबर नाल्यापलीकडे जाऊन आलेली.

"कुणाचा गं हा?"

"माझा, काकी," कमती म्हणायची. कमती खालच्या टेकाडावरची, तोंडाळ पण मनानं साधी.

"तुझा ते दिसतंय. याचा बाप कोण?"

"बाप कालामासीच. आईपण."

"आईचं ठीक आहे. बापाचं काय ते आईलाच माहीत." अंगण हसायचं. हुमली जीभ बघायची, सोडायची, बोट लुगड्याला पुसायची. "राखाडी. रस्सा कर याचा. देवाला नको."

आणि कमती तोच कोंबडा घरी नेऊन रस्सा करायची, वर एक वाटी हुमलीला पाठवायची. एवढा मान. गुलिया तडवी गावाचा मुखिया, पण त्याचा निकाल लोक दारू उतरली की विसरत. हुमलीनं राखाडी म्हटलेला कोंबडा मात्र सात पिढ्या राखाडी.

हा मान तिला मिळाला होता सासूकडून. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासू, वेलकी डोकरी, हिनं तिच्या ओटीत दागिना नाही टाकला, दोन काळ्या तलंगा, कोवळ्या कोंबड्या, टाकल्या. "माझ्या सासूच्या सासूनं आणलेलं रक्त आहे हे. घरात रोटी नसली तरी चालेल, हे काळं असलं पाहिजे. नवाईला, नवं पीक घरात आलं की, पितरांना आपल्याच अंगणातला पक्षी लागतो. विकतचा आणला तर लगेच ओळखतात." आता पितरांची नजर जिवंतपणी एवढी तीक्ष्ण असती तर आमच्या अर्ध्या जमिनी गेल्या नसत्या, पण ते सासूला कोण सांगणार? हुमलीनं त्या तलंगा सांभाळल्या. तिच्या वंशाच्या कोंबड्यांना एक खूण होती: तुरा डावीकडे कललेला, दारूड्याच्या पागोट्यासारखा. दोन टेकड्यांवरून ओळखू यायचा.

या कालामासीत एक मोठी खोड आहे. ती अंडं घालते आणि विसरून जाते. रवणीला बसणं तिला कमीपणाचं वाटतं, एखाद्या राणीसारखं. तिची पिल्लं काढायची तर साधी ठिपक्यांची गावठी कोंबडी खुडूक व्हावी लागते आणि तिच्या पोटाखाली ही अंडी सरकवावी लागतात. दर वेळी आपल्याच घरची कोंबडी खुडूक असेल असं कुठे आहे? म्हणून आमच्या फळियात, आमच्या वस्तीत, जुनी रीत आहे. खुडूक कोंबडी मागायला कुणी आलं तर नाही म्हणायचं नाही. अंडी मागायला आलं तरी नाही म्हणायचं नाही. पिल्लं निघाली तर त्यातलं एक अंडी देणारीला. नाही निघाली, तर मागणारीनं ओंजळभर मका घेऊन देणारीच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "तुझ्या घरची अंडी लागली नाहीत, तुझा दोष नाही." देणारीनं मका घ्यायचा आणि म्हणायचं, "देवाची मर्जी." विषय संपला. ज्या कुणी शहाण्यानं ही रीत घातली त्यानं पुष्कळ डोकी वाचवली, कारण आमच्याकडे अंड्यावरून निघालेलं भांडण तीरकामठ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

सासू होती तोवर हुमलीनं अंडी नीट दिली. मग सासू गेली, आणि त्याच वर्षी जातरेला फळियातल्याच बुचीचा कोंबडा सगळ्यांनी वाखाणला. तुरा डावीकडे कललेला, जीभ डांबरासारखी. हुमलीनंच दिलेल्या अंड्यातला. बडवा म्हणाला, "बुचीच्या अंगणात देवाचा पाय आहे." हुमलीनं ऐकलं आणि दोन दिवस तिला रोटी गोड लागली नाही. रक्त माझ्या सासूचं, आणि देवाचा पाय बुचीच्या अंगणात? नशीब तिचं, बुचीनं पोराच्या लग्नात सगळ्या कोंबड्या कापून वऱ्हाडाला घातल्या. पण हुमली शिकली ती शिकली.

पुढच्या खेपेला कमती अंडी मागायला आली.

"थांब हं," हुमली हसून म्हणाली, "पुसून देते."

आत चुलीवर पाणी होतं. बोट बुडवलं तर ओढून घ्यावंसं वाटेल, पण भाजणार नाही, इतपत. तिनं अंडी त्यात सोडली, दोन्ही हातांची बोटं चार वेळा मोजली, बाहेर काढली, पुसली, पळसाच्या पानात भुश्यात गुंडाळली आणि कमतीच्या हातात ठेवली. एकवीस दिवसांनी कमती ओंजळभर मका घेऊन आली.

"देवाची मर्जी," हुमली म्हणाली. आणि मका तिनं आपल्या काळ्यांना टाकला.

पाप होतं? होतं की. पण या पापाला ना आवाज ना वास. रक्त नाही सांडलं, शिवी नाही दिली, रीतही मोडली नाही. उलट रीत इतकी पाळली की लोक म्हणू लागले, हुमलीसारखं देणारं माणूस नाही, आणि बिचारीची अंडी बघा, दुसऱ्याला लागतच नाहीत. तीस वर्षं हे चाललं. कमतीनं चारदा नेली, थावरीनं तीनदा, बुचीनं किती ते तिलाच माहीत नाही. मग बडव्यानं कारणही शोधून काढलं: वेलकी डोकरी मेल्यावरही घराच्या आढ्यावर बसून असते, काळं रक्त उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. हुमलीनं हे ऐकून गंभीरपणे मान हलवली आणि आढ्याकडे बघून नमस्कार केला.

मधल्या काळात शहरातले लोक गाड्या घेऊन येऊ लागले. त्यांना हा काळा पक्षी औषधासारखा हवा होता. हुमली नर विकायची, मादी कधीच नाही. नवरा खुमजी वारला, मुलगा बायको-पोरं घेऊन गुजरातेत बांधकामावर गेला, दिवाळी-होळीला येऊ लागला. हुमलीला घर रिकामं वाटलं नाही. तेवीस काळ्या जिवांनी अंगण भरलेलं होतं.

आता दितलीचं सांगायला हवं. दितली हुमलीची धाकटी जाऊ, नवऱ्याच्या भावाची, रतूची बायको. नाल्यापलीकडचं टेकाड तिचं. सासूनं हिच्या ओटीत शेळी टाकली होती, ती दुसऱ्याच वर्षी लांडग्यानं नेली. दितली कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक मऊ समजतात, आणि तिथेच फसतात. बोलणाऱ्याचं मन तोंडावाटे रिकामं होतं, न बोलणाऱ्याचं भरतच राहतं.

दितलीनं तीनदा अंडी नेली, तीनदा मका आणून दिला. तिसऱ्या खेपेला अंडी घेऊन निघाली आणि चाळण विसरली म्हणून परत वळली. नाही, उलटं सांगतोय मी. अंडी हातात पडायच्या आधीचीच गोष्ट. हुमली "पुसून देते" म्हणून आत गेली, आणि दितली मागच्या बाजूला ठेवलेली आपली चाळण घ्यायला कुडाच्या भिंतीपाशी गेली. कुडाला भोक होतं. भोकातून वाफ दिसली, वाफेत अंडी दिसली, आणि बोटं मोजणारी जाऊ दिसली. दितलीनं चाळण उचलली, पुढे आली, अंडी घेतली, "येते जीजी" म्हणाली. एकवीस दिवसांनी मकाही आणून दिला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

पुढच्या बुधवारी हुमली हाटात मीठ घ्यायला गेली असताना दितलीनं तिच्या डालग्याखालून सात अंडी उचलली. न विचारता. न पुसता. सात ठेवली, सहा निघाली. सहाही काळी.

सहा महिन्यांनी नाल्यापलीकडे कोंबडा आरवला आणि हुमलीनं हात डोळ्यांवर धरून पाहिलं. डावीकडे कललेला तुरा! ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चोरी म्हणून तडवीकडे जावं, तर तडवी विचारणार, "बाई, दिलेली अंडी तीस वर्षं कुणाला लागली नाहीत, आणि चोरलेली तेवढी कशी लागली?" गुलिया तडवी कितीही पिऊन असला तरी एवढं त्याला सुचलं असतं.

तिनं जातरेची वाट पाहिली. रतूचा पाय मोडून सांधला होता, त्याचा नवस होता. तो तोच कोंबडा घेऊन आला. वडाखाली सगळा गाव, बाबादेवापुढे मातीच्या घोड्यांची रांग, ढोल चालू.

"हुमली, जीभ बघ," तडवी म्हणाला.

हुमलीनं चोच उघडली. अशी जीभ तिनंही कित्येक वर्षांत बघितली नव्हती. तिच्यापुढे कोळसा लाजला असता. सासूचं रक्त तिच्याकडे बघत होतं.

"राखाडी," ती म्हणाली.

"भाभी, नीट बघ," रतू म्हणाला. "पुन्हा बघ."

"नीटच बघितलं. बाजारची भेसळ आहे. तुझ्या बायकोला विचार कुठून आणली."

लोकांनी दितलीकडे पाहिलं. दितली एवढंच म्हणाली, "बरं जीजी." रतूनं दुसऱ्याचा कोंबडा विकत घेऊन नवस फेडला. त्या दिवसापासून दितलीच्या काळ्या पक्ष्यांना कुणी विचारेना. नवसाला नको, पैदाशीला नको, शहरातल्या गाडीवाल्यालाही लोक परस्पर सांगत, "तिकडे जाऊ नका, राखाडी आहेत." पक्षी घेऊन तिच्या टेकाडावर कुणी चढेना, तिथून कुणी पक्षी नेईना. हुमलीला वाटलं, झालं, संपवलं.

दोन वर्षं अशीच गेली. मग होळीच्या भगोरिया हाटांचे ढोल थांबले, मोह गळायला लागला, आणि रोग आला. हाटात बातमी आली की खालच्या गावात कोंबड्या माना मुरगाळून पडतायत. आमच्याच फळियातली सुमित्रा सरकारकडून शिकून आली होती, बर्फाची पेटी खांद्याला लावून घरोघर फिरायची, कोंबड्यांच्या डोळ्यात औषध टाकायची. लोक तिला थेंबवाली म्हणत. ती हुमलीकडे आली.

"काकी, एकेक थेंब. लगेच होईल."

"थेंबानं जीभ फिकी पडते."

"कुणी सांगितलं तुला? डोळ्यात टाकायचा थेंब, जिभेचा काय संबंध?"

"तुझी आई माझ्याकडे जीभ दाखवायला कोंबडा घेऊन यायची. आणि तू मला जीभ शिकवतेस?"

"बरं बाई, नको तर नको. पण बाहेरचे पक्षी हाताळतेस ना, तेवढे हात तरी धू घरच्यांना हात लावायच्या आधी."

"देवाच्या कोंबड्याला हात लावून हात धुवायचे? उद्या म्हणशील, देवळातून आल्यावर अंघोळ कर."

अंगणातली माणसं हसली. सुमित्रानं पेटी उचलली आणि नाला ओलांडून गेली. दितलीनं एकेक पक्षी धरला. थेंब पडले.

त्या बुधवारी कमती आली. तिच्या काखेतल्या कोंबड्याची मान लोंबत होती.

"काकी, लवकर बघ गं. काळी असली तर मरायच्या आत देवाला देऊन टाकते. निदान नवस तरी फिटेल."

"अगं, हा तर अर्धा गेलाय! देवाला काय उष्टं देतेस?" हुमली म्हणाली, आणि लोक पोट धरून हसले. हसता हसता तिनं चोच उघडली, चिकट लाळेत बोट घातलं, जीभ काढली. "राखाडी." बोट लुगड्याला पुसलं. मग उठली आणि आपल्या काळ्यांना मका टाकायला गेली. म्हाताऱ्या कोंबडीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडात दाणे भरवले, रोजच्यासारखे.

पाचव्या दिवशी म्हाताऱ्या कोंबडीची मान वळली. मग हिरवी-पांढरी हगवण, मग पंख जमिनीला. बडव्यानं धूर केला, दारू शिंपडली, आढ्यावरच्या वेलकीला हाका मारल्या. वेलकी आली नाही. नवव्या दिवशी शेवटचा कोंबडा खाटेखाली जाऊन पडला, कललेला तुरा मातीत. तेवीसच्या तेवीस. सुमित्रा आली, खड्डा खणला, सगळे त्यात पुरले, वर राख आणि चुना टाकला, एक शब्द बोलली नाही. तेच तिनं वाईट केलं. ती काही बोलली असती तर हुमलीला भांडता तरी आलं असतं.

अंगण झाडून झालं. झाडायला काही नव्हतंच. नवाईला सहा महिने होते, आणि घरात काळं पीस नव्हतं. हुमली दोन दिवस खाटेवर बसली. तिसऱ्या दिवशी उठली आणि टेकड्या उतरायला-चढायला लागली. मनात एकच: कुणाकडे तरी, कधीतरी, एखादं अंडं लागलं असेल. एखाद्या खेपेला पाणी कोमट राहिलं असेल. एखाद्या खेपेला आपण बोटं मोजायला चुकलो असू.

"माझ्या घरच्या अंड्याचं एखादं पिल्लू, त्याचं पिल्लू, आहे का गं तुझ्याकडे?"

कमतीनं कपाळाला हात लावला. "काकी, मी चारदा नेली. तुझी अंडी लागतात कुठे दुसऱ्याला? तूच तर सांगायचीस."

थावरी म्हणाली, "मी तर शेवटच्या खेपेला कोंबडीखाली कुंकू पण टाकलं होतं. नाही लागली. रडू नको काकी. देवाची मर्जी."

बुचीनं तिला पाटावर बसवलं, रोटी आणि उडदाची डाळ दिली, पाठीवरून हात फिरवला. "तू किती दिलीस गं आम्हाला! कुणाला नाही म्हणाली नाहीस. आमचंच नशीब फुटकं. पोराच्या लग्नानंतर एखादं जरी लागलं असतं ना, आज डालग्यात घालून तुझ्या दारात आणून दिलं असतं."

हुमलीनं अर्धी रोटी तशीच ठेवली आणि उठली. सात घरं फिरली. शिवी कुणीच दिली नाही. सातही घरांनी जीव लावला. परत येताना टेकडी नेहमीपेक्षा उंच वाटली. आणि वर पोचली तोच नाल्यापलीकडून कोंबडा आरवला. दितलीच्या टेकाडावर रोग चढलाच नव्हता. चढणार कसा? तिथे पक्षी घेऊन जायचं हुमलीनंच तर दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं.

चार दिवस तिनं तो आरव ऐकला. पाचव्या दिवशी चांगलं लुगडं नेसून ती नाला ओलांडून गेली.

दितलीच्या अंगणात मोहाची फुलं वाळत पडली होती, आणि बायका ती चाळायला बसल्या होत्या. कमती होती, थावरी होती. रतू खाटेवर बिडी ओढत होता. काळ्या कोंबड्या फुलांतून टोचत फिरत होत्या. दहा-बारा तरी असतील.

"ये जीजी," दितली म्हणाली. "आज वाट चुकलीस?"

"अंडी मागायला आले."

चाळण्या थांबल्या. दितलीनं हातातली फुलं खाली टाकली. "अंडी? माझ्याकडे तर राखाडी आहेत. तुझ्या घरी चालतील?"

थावरी फिस्सकन हसली. दितली उठली, मोठा कोंबडा पकडला, आणि आणून हुमलीच्या मांडीवर ठेवला.

"बघ. सगळ्या गावाची बघतेस, माझ्या घरची पुन्हा एकदा बघ."

हुमलीनं चोच उघडली. जीभ बाहेर काढली.

"काळी," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांग जीजी. यांना आताशा कमी ऐकू येतं."

"काळी आहे."

रतूनं बिडी बाजूला काढली. "मग माझ्या नवसाला काय झालं होतं, भाभी?"

"डोळ्यांवर ऊन आलं होतं."

"जातर वडाखाली होती," रतू म्हणाला.

यावर कमती इतकी हसली की मोहाची चाळण उलटली. हुमली मान खाली घालून कोंबड्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. कोंबडा शांत बसून होता. घरच्या माणसाचा हात ओळखल्यासारखा.

"देते की," दितली म्हणाली. "नाही म्हणायची रीत नाही आपल्यात. थांब हं जीजी. पुसून देते."

हुमलीनं झटकन वर पाहिलं. दितलीचा चेहरा नेहमीसारखाच होता.

"तशीच दे ना. पुसायची काय गरज?"

"अशी कशी देऊ, शेणानं माखलेली? जेठाणी पहिल्यांदा दारात आली माझ्या. लोक काय म्हणतील?"

"खरंय काकी," थावरी म्हणाली, "तू आम्हाला नेहमी किती स्वच्छ पुसून द्यायचीस."

दितली आत गेली. हुमलीची नजर कौलांवर गेली. कौलांतून धूर निघत होता. भर दुपारी चूल? ती उठायला गेली, पण उठून म्हणणार काय? "आत काय करतेस ते बघू दे" असं म्हणावं, तर बायका विचारणार, "आत काय करता येतं गं काकी?" ती बसून राहिली. थोड्या वेळानं दितली चहा घेऊन आली. म्हणजे चूल चहासाठीच पेटली होती, असं हुमलीनं स्वतःला सांगितलं. मग दितलीनं पळसाच्या पानात सहा अंडी आणून दिली. हाताला उबदार लागली. चैत्रातली अंडी, ती गार कशी असणार, असंही तिनं स्वतःला सांगितलं.

बुचीनं लगेच आपली खुडूक कोंबडी दिली. हुमलीनं खुराडं जाळून नवं बांधलं होतं, त्यात राख पसरली, गवत घातलं, अंडी ठेवली. रोज कोंबडीपुढे मका, रोज पाणी. सातव्या दिवशी कौलातून उन्हाची तिरीप आत पडते त्या जागी ती गेली आणि एक अंडं तिरपेपुढे धरलं. जीव धरला असेल तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. दुसरं धरलं. मग तिसरं. सहाही धरली. सहाही पाण्यासारखी मोकळी.

शेवटचं तिनं वाटीच्या काठावर फोडलं. कवचाला आतून शिजलेल्या पांढऱ्याचा पातळ पापुद्रा धरला होता, तापल्या दुधावर साय धरते तसा. हुमली त्याच्याकडे बघत राहिली. दितली नवशिकी होती. पाणी जरा जास्तच तापवलं होतं. हुमलीच्या हातून तीस वर्षांत असा पापुद्रा कधी धरला नव्हता.

हे सांगावं कुणाला? तडवीला? तो विचारणार, "पापुद्र्याचं तुला कसं गं माहीत?"

तिनं वाटी चुलीत रिकामी केली आणि उरलेली पाच अंडी परत कोंबडीखाली सरकवली. आणखी चौदा दिवस ती त्या मेलेल्या अंड्यांची राखण करत बसली. बुची येता-जाता विचारायची, "काय काकी, हालचाल?" हुमली म्हणायची, "होईल, होईल." बिचारी ठिपक्यांची कोंबडी चोचीनं अंडी फिरवत राहिली. बाविसाव्या दिवशी तीच कंटाळून उठली.

हुमलीनं लुगड्याच्या पदरात ओंजळभर मका घेतला आणि नाला ओलांडला. दितली अंगण सारवत होती. पाय वाजले तसे हात न थांबवता तिनं विचारलं, "कोण?"

"मी." हुमली अंगणाबाहेरच उभी राहिली. "दितली, तुझ्या घरची अंडी लागली नाहीत. तुझा दोष नाही."

दितली उठली, शेणाचे हात धुतले, नीट, कोपरापर्यंत, आणि ओंजळ पुढे केली. मका घेतला. तिथल्या तिथे आपल्या काळ्या पक्ष्यांपुढे टाकला. डावीकडे कललेल्या तुऱ्याचा कोंबडा आधी धावला, बाकीचे मागून.

"देवाची मर्जी, जीजी," ती म्हणाली. "पुन्हा लागली तर माग हं. पुसून देईन."